यजमानाची चौथी पट्टी

"वेळापत्रक होत नाही," घटिका म्हणाली.

सकाळपासूनची ही अकरावी वेळ. चारुतानं कपाळावर हात मारला, टेबलाखाली पाय आपटला, आणि तरीही समाधान होईना म्हणून मनगटावरची पाटी बंद करून पुन्हा चालू केली. पाटीवर तेच दिसत होतं. सात गाड्या, चार पट्ट्या आणि खाली लाल अक्षरांत तेच तीन शब्द.

"का होत नाही?" तिनं दात आवळून विचारलं.

"अटी परस्परविरोधी (एक पाळली की दुसरी मोडते, अशा) आहेत. आपला वैताग नोंदवला आहे."

"नोंदवू नको. कमी कर."

"तशी सोय माझ्यात नाही," घटिका शांतपणे म्हणाली. तिचा हा शांतपणाच चारुताला जास्त झोंबत होता.

घटिका म्हणजे जिल्हा विज्ञान केंद्रानं दोन दिवसांसाठी दिलेलं यंत्र. आकारानं तांदळाच्या डब्याएवढं, खाली तीन चाकं, वर दोन दिवे. तिच्या पोटात एक आज्ञावली (यंत्रानं काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं हे सांगणाऱ्या सूचनांची माळ) होती, आणि तिची कामं दोनच. शर्यतीत कोणत्या फेरीला कोणती गाडी कोणत्या पट्टीत धावणार हे ठरवायचं, आणि धावल्यावर तिला किती वेळ लागला ते मोजायचं. दोन्ही कामं ती चोख करते असं केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं. तिच्याशी बोलताना माणसाचं डोकं फिरतं, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं.

सन २०५८ चा मार्च महिना होता. सावंतवाडीच्या रस्त्यांवर बिनचालक रिक्षा गपगुमान पळत होत्या, शाळेत फळ्याऐवजी हवेत अक्षरं उमटत होती, पण तळ्याकाठच्या सभागृहातली मुलांची लाकडी गाड्यांची शर्यत होती तशीच होती. गाडी मुलानं स्वतः पांगाऱ्याच्या लाकडातून कोरायची. वजन दीडशे ग्रॅमच्या आत. इंजीन नाही, बॅटरी नाही, ढकलायचंसुद्धा नाही. बारा मीटरच्या लाकडी उतारावर चार पट्ट्या आखलेल्या. वरचा अडसर खाली पडला की चार गाड्या आपापल्या पट्टीतून आपल्या वजनानं घरंगळत सुटायच्या. अडसर पडला त्या क्षणी घटिकेचं घड्याळ सुरू व्हायचं, आणि शेवटाला असलेल्या संवेदकानं (प्रकाशाची तिरीप अडली की लगेच ओळखणाऱ्या डोळ्यानं) गाडी पाहिली की त्या पट्टीचं घड्याळ थांबायचं.

हा उतार चारुताच्या बाबांनी, दामोदर चिताऱ्यांनी, बांधला होता. बाबांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना होता आणि त्यांच्या हातच्या उतारावर त्यांचा फार जीव होता. उतार त्यांचा, म्हणून शर्यतीचं यजमानपणही त्यांच्याच घराकडे. आणि इथंच चारुताच्या वैतागाचं मूळ होतं.

झालं होतं असं, की पहिल्या वर्षी गाड्या लावताना बाबांनी पाहुण्या मुलांना पहिल्या पट्ट्या दिल्या आणि स्वतःच्या मुलीला शेवटची. पंगतीत नाही का, पाहुणे आधी बसतात आणि घरची माणसं शेवटी? तसंच. सगळ्यांना ते फार शोभून दिसलं. मग दुसऱ्या वर्षीही तसंच झालं, आणि तिसऱ्या वर्षी ती रीतच होऊन बसली. वेंगुर्ल्याहून येणारा श्रीरंग सगळ्यात लांबचा पाहुणा, म्हणून त्याला पहिली पट्टी. चारुता घरची, म्हणून तिला चौथी. प्रत्येक फेरीत, प्रत्येक वर्षी.

चार वर्षं श्रीरंग पहिला आला होता, आणि चार वर्षं चारुता चौथी. मागच्या वर्षी दोघांमध्ये फरक होता तो पाच शतांशांचा (सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले फक्त पाच). पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तेव्हापासून तिच्या मनात एकच घोळत होतं: चौथी पट्टी हळू आहे. गाडी माझी चांगलीच आहे, पट्टीच मला मागे खेचते.

पण हे बोलायचं कुणाकडे? बोलावं तर पाहुण्यांची जागा मागितल्यासारखं होणार. शिवाय पट्टी हळू आहे म्हणणं म्हणजे बाबांचं काम वाईट आहे म्हणणं. ती वर्षभर गप्प बसली आणि आतल्या आत धुमसत राहिली.

या वर्षी विज्ञान केंद्रानं घटिका दिली आणि सोबत एक नियम दिला. प्रत्येक गाडी प्रत्येक पट्टीत एकदा धावलीच पाहिजे. चारही वेळांची बेरीज करायची, जिची बेरीज सगळ्यात कमी ती गाडी जिंकली. असं केलं तरच विजेत्याला जिल्ह्याच्या शर्यतीत घेणार. चारुताला तो नियम वाचून इतका आनंद झाला, की वेळापत्रकाचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं. आता आठ वाजून गेले होते, दहाला शर्यत होती, आणि पाटीवर लाल अक्षरं होती.

"झालां काय गो?" भाई परब सभागृहात आले. भाई शर्यत समितीचे अध्यक्ष. खांद्यावर पंचा, हातात नावांची यादी आणि चेहऱ्यावर कायमची घाई.

"नाही भाई. होत नाही म्हणते."

"मशीनीक समजना नसात तर रवांदे. जुन्याच पद्धतीन करूया."

जुनी पद्धत म्हणजे पुन्हा चौथी पट्टी. "भाई, तुम्ही हिला नक्की काय काय सांगितलंय?"

"काय सांगतलंय? केंद्राचो नियम सांगितलंय. आणि आपली रीत सांगितलंय. श्रीरंग पाहुणो, त्याका पयली पट्टी. तू घरची, तुका चौथी. ह्यां बदलूचां नाय."

"आणि केंद्राचा नियम?"

"तोय पाळूचो."

चारुतानं एकदा भाईंकडे पाहिलं, एकदा घटिकेकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर आपलं काही चुकतंय असा भाव नव्हता. घटिकेला तर चेहराच नव्हता.

कोपऱ्यात खुर्चीवर बसून माईआजी हे सगळं ऐकत होत्या. माईआजी म्हणजे बाबांची मावशी. तीस वर्षं रेल्वेत त्यांनी एकेरी मार्गावर गाड्यांची वेळापत्रकं बसवली होती. कोणती गाडी कोणत्या स्थानकात बाजूला घ्यायची आणि कोणती पुढे सोडायची, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. दर मार्चला त्या मुद्दाम शर्यत बघायला यायच्या. हातातलं विणकाम बाजूला ठेवून त्या उठल्या.

"घटिके," त्या म्हणाल्या, "कोणत्या अटी एकमेकींवर आदळतायत, ते सांगता येईल का तुला?"

"होय. पहिली अट: प्रत्येक गाडी प्रत्येक पट्टीत एकदा. दुसरी अट: श्रीरंगची गाडी नेहमी पहिल्या पट्टीत. तिसरी अट: चारुताची गाडी नेहमी चौथ्या पट्टीत. जी गाडी नेहमी चौथ्या पट्टीत असेल ती पहिल्या पट्टीत धावू शकत नाही. दुसरी आणि तिसरी अट काढल्यास वेळापत्रक एका सेकंदात होईल."

चारुता तिच्याकडे बघतच राहिली. "हे तुला सकाळपासून माहीत होतं?"

"होय."

"मग अकरा वेळा 'होत नाही' काय म्हणत बसलीस?"

"वेळापत्रक होते का, असे आपण अकरा वेळा विचारले. का होत नाही, हेही विचारले. कोणत्या अटी, हे विचारले नाही."

चारुताला ते खोकं उचलून तळ्यात टाकावंसं वाटलं. माईआजी मात्र हसू दाबत होत्या. "बघ चारू, यंत्राचं हे असंच असतं. आपण घातलेल्या अटी ते मुकाट्यानं पाळतं. कोणती अट शहाणपणाची आणि कोणती नुसती सवयीची, हे त्याला कळत नाही. कोणती सोडायची ते माणसांनीच ठरवायला लागतं. काय भाई?"

"माई, रीत कशी सोडूची?" भाई कानकोंडे झाले. "दामू काय म्हणात? यजमान तो आसा."

दामू, म्हणजे बाबा, दारातच उभे होते. हातात लाखेचा डबा होता. उताराच्या कडेला शेवटचा हात फिरवायला ते आले होते. "काय झालां?" त्यांनी विचारलं.

चारुताच पुढे झाली. वर्षभर गिळून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. "बाबा, मला चौथी पट्टी नको. ती हळू आहे."

बाबांनी डबा खाली ठेवला. "हळू आसा?"

"हो."

"म्हणजे माझां काम वायट."

"मी असं म्हटलं नाही."

"मगे काय म्हटलंस? चार वर्सां माझ्या उतारावर धावतंस, आणि आज सगळ्यांच्या समोर सांगतंस? आपण घरची माणसां. घरच्यांनी पाहुण्यांची जागा मागूची?"

चारुताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आल्याचा तिला आणखी राग आला. हे असंच होणार हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तर ती वर्षभर बोलली नव्हती.

"दामू, भांडण कशाला? मोजून बघू," माईआजी म्हणाल्या. "घटिकेकडे चाचणीची गाडी आहे. तीच गाडी प्रत्येक पट्टीतून पाच-पाच वेळा सोडायची. गाडी एकच, म्हणजे फरक पडला तर तो पट्टीचाच. पाच वेळा अशासाठी, की एखाद्या वेळी चाक उगाच डगमगतं, वाऱ्याची झुळूक येते. पाच वेळांची सरासरी (सगळ्यांची बेरीज करून ती सारखी वाटल्यावर येणारा आकडा) काढली की असली किरकोळ गडबड बरीच पुसली जाते."

वीस वेळा गाडी सोडायची म्हणजे वीस वेळा ती उचलून वर न्यायची. चारुता खाली-वर, खाली-वर करत राहिली. बाबा हाताची घडी घालून उभे राहिले, मदतीला आले नाहीत. पंधरा मिनिटांनी घटिकेनं आकडे सांगितले. पहिली पट्टी, तीन पूर्णांक वीस शतांश सेकंद. दुसरी पट्टी, तेवढेच. तिसरी, एकवीस शतांश. चौथी, तेवीस शतांश.

"तीन शतांश," चारुता म्हणाली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण बाबांचा चेहरा बघून तिला मुळीच तसं वाटलं नाही.

बाबा उताराजवळ गेले. चौथ्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत त्यांनी अंगठ्याचं नख सावकाश ओढत नेलं. तिसऱ्या सांध्यावर नख अडलं. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा अडलं.

"फळी फुगली हा," ते हळूच म्हणाले. "खिडकीकडची बाजू. दमट हवा लागता हय." मग म्हणाले, "केसाएवढीच आसा. पण आसा."

"घासून टाकता येईल?" चारुतानं विचारलं.

"आता रंधो मारून लाख चढवूक दोन दिस जातले."

भाईंना एकदम सुचलं. "मगे सोपां आसा. चौथ्या पट्टीच्या वेळेतून तीन शतांश वजा करूचे. रीत पण रवली, न्याय पण झालो."

"तसे योग्य होणार नाही," घटिका म्हणाली. "तीन शतांश हे चाचणीच्या गाडीचे आहेत. जड गाडी तो सांधा सहज ओलांडेल, हलकी गाडी जास्त अडखळेल. प्रत्येक गाडीसाठी वजाबाकी वेगळी लागेल आणि ती आपल्याला माहीत नाही."

सकाळपासून घटिका पहिल्यांदाच चारुताच्या बाजूनं काहीतरी बोलली होती.

"ऐक दामू," माईआजी म्हणाल्या. "एकेरी मार्गावर कुणीतरी थांबायलाच लागतं. पण रोज त्याच गाडीला थांबवलं तर त्या गाडीतली माणसं चिडतात, आणि बरोबरच चिडतात. पट्ट्या सारख्या करता येत नसतील, तर त्यांचा त्रास तरी सारखा वाटून घ्यावा. प्रत्येकानं एकदा हळू पट्टी सोसायची, एकदाच. मग ती कुणाच्याच वाईटावर राहत नाही. आणि रीतीचं म्हणशील, तर पंगतीत यजमान शेवटी जेवतो, कमी जेवत नाही."

बाबा चारुताकडे वळून म्हणाले, "आधी सांगूचां होतां." आवाजात राग होता, पण तो तिच्यावर नव्हता.

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाय," बाबांनी कबूल केलं. "भाई, त्यो दोन अटी काढा."

भाईंनी यादीकडे पाहिलं, पंच्यानं कपाळ पुसलं आणि मान हलवली.

माईआजी मागच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पोळपाट घेऊन आल्या. घटिका एका सेकंदात वेळापत्रक करणार होती, पण आजींचा आग्रह असा, की यंत्र काय करतं हे आधी हातांनी करून बघावं. त्यांनी पोळपाटाच्या कडेला खडूनं सारख्या अंतरावर एक ते सात आकडे लिहिले. या सात गाड्या. मग पोळपाटाभोवती टेबलावर चार काजूच्या बिया ठेवल्या. या चार पट्ट्या. पहिली बी एक आकड्यासमोर, दुसरी दोनसमोर, तिसरी तीनसमोर, आणि चौथी बी पाचसमोर.

"चार सोडून पाच का?" चारुतानं विचारलं.

"ते मग. आधी फिरव. बिया हलवायच्या नाहीत, पोळपाट एक घर फिरवायचा."

पहिली फेरी: एक, दोन, तीन, पाच. चारुतानं पोळपाट एक घर फिरवला. बियांसमोर आले दोन, तीन, चार, सहा. पुन्हा फिरवला. तीन, चार, पाच, सात. मग चार, पाच, सहा, एक. पाच, सहा, सात, दोन. सहा, सात, एक, तीन. सात, एक, दोन, चार. आणखी एकदा फिरवला तर पुन्हा पहिलीच फेरी आली.

तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पोळपाट पूर्ण फिरला म्हणजे प्रत्येक आकडा प्रत्येक बीसमोरून एकदा, आणि एकदाच, गेला. सात फेऱ्या, सात गाड्या, आणि प्रत्येक गाडी चारही पट्ट्यांत एकेकदा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. इतकं सोपं होतं आणि त्यासाठी तिनं सकाळ जाळली होती.

"आता चौथी बी चारसमोर ठेवून बघ," आजी म्हणाल्या.

चारुतानं ठेवली आणि पाटीवर मांडत गेली. याही वेळी प्रत्येक गाडी प्रत्येक पट्टीत एकदा येत होती. पण शेजारशेजारचे आकडे, म्हणजे एक आणि दोन, तीन वेळा एकत्र धावत होते, आणि एक आणि चार एकदाच. बी पाचसमोर परत नेली तर कोणतीही जोडी घ्या, बरोबर दोनदा एकत्र येत होती. तिनं सगळ्या एकवीस जोड्या मोजल्या. एकही चुकली नाही.

"म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ," ती म्हणाली.

"रेल्वेत हे कळायला मला सहा वर्षं लागली," माईआजी म्हणाल्या. "तुला पोळपाट मिळाला."

"वेळापत्रक झाले," घटिका म्हणाली. पाटीवरची अक्षरं हिरवी झाली. तिचं वेळापत्रक आणि पोळपाटाचं वेळापत्रक अगदी सारखं होतं.

आता कोणत्या गाडीला कोणता क्रमांक द्यायचा एवढंच उरलं. भाईंनी सात चिठ्ठ्या करून एका डब्यात टाकल्या. रीत अगदीच मोडू नये म्हणून बाबांनी सांगितलं, की पाहुण्यांनी आधी उचलाव्यात आणि घरच्यांनी शेवटी. यावर चारुताची काही हरकत नव्हती. श्रीरंगनं पहिली चिठ्ठी उचलली, एक क्रमांक निघाला. मग बाकीच्या मुलांनी उचलल्या. डब्यात उरलेली शेवटची चिठ्ठी चारुतानं उघडली.

चार. तिनं छताकडे बघून मोठा उसासा टाकला. चार हा आकडा तिचा पिच्छा सोडत नव्हता. पण हा गाडीचा क्रमांक होता, पट्टीचा नव्हता, एवढं समाधान होतं.

दहाला शर्यत सुरू झाली. सभागृह गच्च भरलं होतं. दुसऱ्या फेरीत चारुता तिसऱ्या पट्टीत धावली, वेळ तीन पूर्णांक चौदा शतांश. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या पट्टीत, तेरा शतांश. तिला वाटलं, बघा, आता कळेल सगळ्यांना.

मग चौथी फेरी आली. चार, पाच, सहा, एक. चारुता पहिल्या पट्टीत आणि श्रीरंग चौथ्या पट्टीत. चार वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या जागा उलट झाल्या होत्या. श्रीरंग चौथ्या पट्टीशी गाडी लावताना जरा गोंधळला, कारण तिथं तो कधी उभाच राहिला नव्हता. अडसर पडला. गाड्या खडखडत खाली गेल्या.

चारुता, तीन पूर्णांक तेरा. श्रीरंग, तीन पूर्णांक चौदा.

सभागृहात टाळ्या वाजल्या. बाबांनी तर दोन्ही हात वर केले. चारुतानं श्रीरंगला हरवलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. ती उडी मारणार तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी टोचलं. नको होतं ते, पण टोचलं.

ती चांगल्या पट्टीत होती आणि तो हळू पट्टीत. तरी ती फक्त एका शतांशानं जिंकली होती. मागच्या वर्षी ती हळू पट्टीत आणि तो चांगल्या पट्टीत होता, तेव्हा ती पाच शतांशांनी हरली होती. पट्टीचा फरक साधारण तीन. पाचातून तीन गेले तर उरतात दोन. आणि हे दोन शतांश कुठल्याच पट्टीच्या नावावर टाकता येत नव्हते.

"काय झालं?" माईआजींनी विचारलं.

"काही नाही," चारुता म्हणाली, आणि तिला जाम चीड आली. या वेळी कुणावर, ते तिला नक्की सांगता येईना.

सातव्या फेरीत ती चौथ्या पट्टीत होती आणि श्रीरंग दुसऱ्या. तिची गाडी तिसऱ्या सांध्यावर अडखळलेली तिनं डोळ्यांनी पाहिली. सोळा शतांश. श्रीरंगचे अकरा. पुन्हा तेच पाच.

घटिकेनं निकाल सांगितला. श्रीरंगच्या चार वेळांची बेरीज बारा पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांश. पहिला क्रमांक. चारुताची बारा पूर्णांक छप्पन्न. दुसरा क्रमांक.

म्हणजे चौथ्यावरून दुसरी. भाई तिच्या पाठीवर थाप मारून गेले, बाबांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "पट्टी खरीच हळू होती गो. चूक माझी." तिनं मान हलवली. बाबांचं म्हणणं खरं होतं. पट्टीनं तिच्या दोन जागा खाल्ल्या होत्या. पण पहिली जागा पट्टीनं खाल्लेली नव्हती. आठ शतांशांचा फरक, चार फेऱ्यांत वाटला तर प्रत्येकी दोन. आता वादाला जागाच नव्हती. हे दोन तिचे स्वतःचे होते. जिल्ह्याला श्रीरंगच जाणार होता, आणि गेली चार वर्षं तोच सगळ्यात वेगवान होता.

ती तशीच तरातरा श्रीरंगकडे गेली. तो गाडी पुसत बसला होता. ती भांडायला आलीय असं वाटून तो उठून उभा राहिला.

"तू चाकांच्या आसाला काय लावतोस?" तिनं विचारलं.

श्रीरंगनं एकदा तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे, पाहुण्याचं नशीब. "लावत काही नाही विशेष," तो म्हणाला. "आधी आसाचा खिळा बारीक काचकागदानं घासतो. तीन संध्याकाळ. आरशासारखा झाला पाहिजे. मग शिसपेन्सिलीचं टोक कुटून त्याची भुकटी घालतो. तेल नाही, तेलाला धूळ चिकटते. बघ."

त्यानं गाडी उलटी धरून चाकाला टिचकी मारली. चाक फिरायला लागलं. दोघं फेऱ्या मोजत होते. वीस झाल्या, तीस झाल्या, चाळीसला चारुतानं मोजणं सोडून दिलं. चाक आवाज न करता फिरतच होतं.

"आता तुझं," श्रीरंग म्हणाला.

चारुतानं आपली गाडी उलटी केली. वर्षभर ती उताराकडे बघत आली होती, पट्टीकडे, सांध्याकडे, पाहुण्यांच्या पहिल्या जागेकडे. गाडीच्या खालच्या अंगाला काय चाललंय, ते तिनं एकदाही बघितलं नव्हतं. तिनं चाकाला टिचकी मारली. खर्र असा बारीक आवाज आला आणि नवव्या फेरीला चाक थांबलं.

"नऊ," श्रीरंग म्हणाला, पण हसला नाही.

चारुतानं गाडी कानाशी धरली आणि चाक पुन्हा फिरवलं. खर्र. आवाज डावीकडून येत होता, पुढच्या आसातून. तिथंच कुठंतरी तिचे दोन शतांश अडकले होते.

"तुझ्याकडे तो कागद आहे आत्ता?" तिनं विचारलं.